एकशे ब्याऐंशीची व्युत्पत्ती

फेब्रुवारी १९९५मध्ये ‘चेशर कॅट’ नावाचा एक आल्बम अमेरिकेत बाजारात आला. मुखपृष्ठावर मांजराचे चित्र. पहिल्या प्रतींवर बँडचे नाव नुसतेच ‘ब्लिंक’ असे छापले आहे. नंतरच्या प्रतींवर तेच मांजर, तीच गाणी, पण नाव मात्र ‘ब्लिंक-१८२’. पोथीच्या दोन प्रतींत एखाद्या शब्दाचा पाठभेद सापडला की अभ्यासकाचे कान टवकारतात. हा तसाच पाठभेद आहे. फरक इतकाच की पोथीचे लेखनिक शेकडो वर्षांपूर्वी गेलेले असतात, आणि इथे पाठ बदलणारी माणसे आज हयात आहेत, बोलकी आहेत आणि ‘हा १८२ कुठून आला?’ या प्रश्नाला त्यांनी गेली तीस वर्षे दर वेळी नवे उत्तर दिलेले आहे.

नावांच्या व्युत्पत्तीचा नाद असलेल्यांना एका अडचणीची सवय असते. नाव ठेवणारे गेले, कागद उरले नाहीत, उरल्या त्या दंतकथा. मग आपण म्हणतो, एखादा तरी साक्षीदार मिळता! ब्लिंक-१८२ची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती यासाठी की इथे साक्षीदार हवे तेवढे आहेत, तरीही दंतकथा झाल्याच. त्या कशा झाल्या हे बघायचे तर आधी बँडचा इतिहास थोडा नीट बघावा लागतो.

सॅन डिएगो हे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाचे, मेक्सिकोच्या सीमेला लागलेले शहर. अमेरिकी नौदलाचा मोठा तळ इथे आहे. समुद्रावर लाटांवर स्वार होणारी आणि रस्त्यावर स्केटबोर्ड फिरवणारी पोरे, ही त्याची दुसरी ओळख. शहराच्या ईशान्येला टेकड्यांमध्ये पोवे नावाचे उपनगर आहे. तिथला टॉम डीलाँग हा मुलगा बास्केटबॉलच्या सामन्याला दारू पिऊन गेला म्हणून शाळेतून काढला गेला आणि एका सत्रासाठी शेजारच्या रँचो बर्नार्डो गावच्या शाळेत दाखल झाला. हे गावाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. तिथे बँडच्या एका स्पर्धेत त्याला स्कॉट रेनर हा ड्रम वाजवणारा मुलगा भेटला. तिथल्याच एका मित्राची मैत्रीण होती अ‍ॅन हॉपस, आणि तिचा भाऊ मार्क नुकताच कॉलेजसाठी सॅन डिएगोत आला होता. मार्क वाढला तो मोहावीच्या वाळवंटातल्या रिजक्रेस्ट या गावी. तिथल्या बहुतेक घरांप्रमाणे त्याच्याही घरची चूल संरक्षण खात्याच्या पगारावर पेटत होती. तो बेस गिटार वाजवत असे.

ऑगस्ट १९९२मध्ये अ‍ॅनने भावाची आणि टॉमची गाठ घालून दिली. दोघांनी टॉमच्या घराच्या गॅरेजमध्ये तासन्‌तास वाजवले. त्यानंतर मार्क टॉमवर छाप पाडण्यासाठी बाहेरच्या दिव्याच्या खांबावर चढला, उतरताना पडला आणि पायांना अशी दुखापत करून घेतली की पुढचे काही आठवडे त्याला कुबड्या घेऊन चालावे लागले. ही कथा बनावट वाटते, पण खरी आहे. आकड्याविषयीच्या पुढच्या कथा खऱ्या वाटतात, आणि त्या बनावट आहेत. त्या वेळी मार्क वीस वर्षांचा, टॉम सोळाचा आणि रेनर चौदाचा होता.

पंक हा प्रकार १९७०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन इथे आकाराला आला. तीन कॉर्ड, भन्नाट वेग, दोन-अडीच मिनिटांचे गाणे आणि प्रस्थापितांविषयी राग, एवढी सामग्री पुरे. त्याच वेगाला गुणगुणता येईल अशी चाल दिली की पॉप-पंक होते. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या ‘डिसेंडंट्स’ने ही वाट पाडली. राजकारणाच्या जागी शाळा, फसलेले प्रेम, घटस्फोटित आईबाप आणि उपनगरातला कंटाळा आला. फेब्रुवारी १९९४मध्ये ‘ग्रीन डे’चा ‘डूकी’ निघाला आणि या संगीताला मोठी बाजारपेठ आहे हे कंपन्यांना कळले. पोवेच्या पोरांचा आल्बम त्यानंतर बरोबर वर्षभराने आला.

त्यांचे पहिले नाव मात्र ब्लिंक नव्हते. ते होते ‘डक टेप’. सामान बांधायला, वायरी जमिनीला चिकटवायला जी रुंद राखाडी चिकटपट्टी वापरतात, तिचे हे तोंडी रूप. हे नाव फार टिकले नाही. टॉमने ‘ब्लिंक’ सुचवले, म्हणजे पापणी लवणे. एका अवयवाची एक हालचाल, त्यात अर्थ शोधावा असे काही नाही. रेनरच्या खोलीत चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलेली एक कॅसेट १९९३मध्ये निघाली. ‘बुद्धा’ ही दुसरी कॅसेट काढायला पैसे दिले मार्क ज्या रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करत होता तिथल्या त्याच्या वरिष्ठाने. या कॅसेटी मित्रांत, शाळांत आणि स्थानिक दुकानांत फिरल्या. इथवर ‘ब्लिंक’ या नावाला कोणाची हरकत असण्याचे कारणच नव्हते, कारण सॅन डिएगोबाहेर ते कोणाला ठाऊकच नव्हते.

‘कार्गो’ या रेकॉर्ड कंपनीने ‘चेशर कॅट’ काढला आणि नाव शहराबाहेर गेले. आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरात, ‘ब्लिंक’ याच नावाचा एक बँड आधीपासून गात होता. त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला.

इथे थोडे थांबून बँडच्या नावांचा कायदा समजून घेतला पाहिजे. नाव हा तिथे व्यापारचिन्हाचा भाग धरला जातो. अमेरिकी कायद्यात नावावरचा हक्क मुख्यतः आधीच्या वापरातून निर्माण होतो. दोन नावे एकाच बाजारात आली आणि ग्राहकाचा गोंधळ होण्याची शक्यता असली, की ज्याने नाव आधी वापरले त्याची बाजू जड. धाकट्यापुढे मग दोन मार्ग उरतात. एक तर नाव सोडायचे, नाही तर नावाला काहीतरी जोडायचे. इंग्लंडमधला ‘स्वीड’ हा बँड अमेरिकेत ‘लंडन स्वीड’ झाला, कारण तिथे स्वीड या नावाने गाणारी एक गायिका आधीच होती. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘डायनोसॉर’ बँडला तर आपल्या नावापुढे ‘ज्युनियर’ लावावे लागले, कारण ‘डायनोसॉर्स’ या नावाने सॅन फ्रान्सिस्कोचे काही जुने वादक एकत्र आलेले होते.

मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. एकाच नावाची दोन गावे शेजारी झाली की आपल्याकडे एकाला बुद्रुक लावतात, दुसऱ्याला खुर्द. बुद्रुक म्हणजे मूळ फारसी ‘बुजुर्ग’, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. या शेपटीचा गावाच्या मातीशी किंवा तिथल्या ग्रामदैवताशी संबंध नसतो, दप्तरात गोंधळ होऊ नये एवढेच तिचे काम. ‘डायनोसॉर ज्युनियर’ म्हणजे डायनोसॉर खुर्द, असे म्हटले तर ते केवळ विनोदापुरते नाही, अक्षरशः तोच व्यवहार आहे.

पण पोवेच्या पोरांना खुर्द व्हायचे नव्हते, आणि नाव सोडायचेही नव्हते. ते निर्णय लांबवत राहिले. कंपनीने त्यांना आठवड्याची मुदत दिली. ती टळल्यावर निरोप आला की तुम्ही ठरवत नसाल तर आम्हीच नाव बदलून मोकळे होऊ. तेव्हा त्यांनी सांगून टाकले, लावा १८२. बस. आकडा हाताला लागला तो उचलला, त्याला कसलाही अर्थ नाही, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. १८२ची खरी व्युत्पत्ती म्हणजे एक मुदत आणि तिच्यामागे लागलेला तगादा. संशोधन म्हणून पाहिले तर विषय इथे संपायला हवा.

तो संपला नाही, कारण प्रत्येक मुलाखतकार तोच प्रश्न विचारी आणि ‘काही अर्थ नाही’ हे उत्तर कोणाला पुरेसे वाटेना. मग ते सांगू लागले. ‘स्कारफेस’ या १९८३च्या चित्रपटात अल पचिनो इंग्रजीतली ती सुप्रसिद्ध शिवी जितक्या वेळा देतो ती संख्या १८२ आहे. कधी सांगितले की १८२ पौंड हे मार्कचे आदर्श वजन आहे. कधी सांगितले की मार्कचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ज्या जहाजावर होते त्याचा हा क्रमांक.

या प्रत्येक थापेची बांधणी तपासण्यासारखी आहे. शिवीची कथा सर्वांत लोकप्रिय झाली, कारण ती कोणी मोजून पाहणार नाही अशी खात्री होती. ज्यांनी चित्रपटभरच्या शिव्या खरोखर मोजल्या त्यांची एकूण बेरीज दोनशेच्या पुढे गेली, आणि मग ‘एकट्या पचिनोच्या मोजा’ अशी पळवाट निघाली. वजनाची कथा सर्वांत निरुपद्रवी. १८२ पौंड म्हणजे सुमारे साडेब्याऐंशी किलो. उंच तरुणाला शोभेल असेच वजन आहे. जहाजाची कथा मात्र मुरलेल्या थापाड्याची. युद्धनौकांवर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवलेले असतात, सॅन डिएगोच्या पोरांनी ते जन्मभर पाहिलेले, आणि त्यात आजोबा आणि महायुद्ध आले की समोरचा माणूस शंका घ्यायला ओशाळतो. आपल्याकडची कितीतरी स्थलमाहात्म्ये याच तंत्रावर उभी आहेत. पूज्य माणूस मध्ये आणला की पुरावा मागणे हा उद्धटपणा ठरतो.

आणि मग चाहत्यांत फिरणारी ती एक उपपत्ती, जिच्यासाठी मी वाचकांना गावाचे नाव लक्षात ठेवायला सांगितले होते. इंग्रजी वर्णमालेत ‘आर’ हे अठरावे अक्षर आणि ‘बी’ हे दुसरे. अठरा आणि दोन, म्हणजे १८२. आर आणि बी, म्हणजे रँचो बर्नार्डो! गणित बिनचूक आहे. चरित्राचा आधारही भक्कम आहे, कारण शाळेतून काढलेला टॉम त्याच गावच्या शाळेत गेला, तिथेच रेनर भेटला, तिथूनच मार्कपर्यंत धागा पोचला. रँचो बर्नार्डो नसते तर हा बँड नसता. मला स्वतःला ही उपपत्ती प्रथम कळली तेव्हा ती इतकी पटली की खरी असावी असे वाटू लागले. पण आकडा ठरवणाऱ्यांचा कबुलीजबाब तिच्या विरुद्ध जातो. जी व्युत्पत्ती ध्वनीला जुळते, भूगोलाला जुळते, इतिहासालाही जुळते, तीही निव्वळ योगायोग असू शकते. शब्दांच्या मुळांचा शोध घेणाऱ्या आपल्या मंडळींनी, आणि त्यांत मीही आलो, हे उदाहरण टेबलावर लिहून ठेवावे.

एका गोष्टीचे मला कुतूहल आहे. या संगीतातल्या इतरांना आपल्या नावाचा उगम सरळ सांगायला लाज वाटली नाही. ‘रामोन्स’नी पॉल मॅकार्टनीने एके काळी घेतलेल्या टोपणनावावरून आपले आडनाव घेतले. कॅनडातला ‘सम ४१’ उन्हाळ्याच्या सुटीचा एक्केचाळिसावा दिवस सांगतो. ‘फॉल आउट बॉय’ हे ‘सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतले एक पात्र, ‘सिम्पल प्लॅन’ हे एका चित्रपटाचे नाव. ब्लिंकवाल्यांना मात्र अर्थशून्यतेची थट्टा करून ती लपवावीशी वाटली. माझ्या मते हा त्यांचा स्वभावच होता. कुठलाही प्रश्न गंभीर होऊ लागला की पाचकळ विनोद करायचा. १९९९च्या आल्बमचे नाव ‘एनिमा ऑफ द स्टेट’. ‘राज्याचा शत्रू’ या इंग्रजी शब्दप्रयोगातला शत्रू काढून तिथे बस्ती घातली. २००१च्या ‘टेक ऑफ युवर पँट्स अँड जॅकेट’ची कोटी मोठ्याने उच्चारली तरच कळते, आणि कळल्यावर ती मराठीत समजावून सांगण्याची सोय राहत नाही. पण त्याच ‘एनिमा’वर ‘अ‍ॅडम्स साँग’ हे आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसाचे गाणेही आहे. थट्टेच्या आड काय होते ते अधूनमधून असे दिसून जाई.

यशाचा भाग सर्वांना ठाऊक आहे, तो भरभर सांगतो. १९९७च्या ‘ड्यूड रँच’मधले ‘डॅमिट’ हे गाणे रेडिओवर गाजले. १९९८मध्ये दौऱ्यातच रेनर बाहेर पडला आणि त्याच्या जागी ‘अ‍ॅक्वाबॅट्स’ या बँडचा ट्रॅव्हिस बार्कर आला. त्याने सगळी गाणी पाऊण तासात बसवली, असे सांगतात. ‘एनिमा’च्या जगभर दीड कोटी प्रती खपल्याचा अंदाज दिला जातो. २००१चा आल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. आयर्लंडचे थोरले ब्लिंक त्या तुलनेत लहानच राहिले. शेपटीवाले धाकटे गाव मोठे होते आणि मूळ गाव कोणता हे पत्ता विचारणाऱ्याला माहीत नसते, तसे झाले.

याच काळातला एक छोटा पुरावा नमूद करण्यासारखा. १९९९च्या ‘अमेरिकन पाय’ या चित्रपटात हे तिघे क्षणभर दिसतात. पडद्यावर बार्कर आहे, पण श्रेयनामावलीत नाव आहे रेनरचे. म्हणजे अधिकृत छापील साधनही इतक्या ताज्या बाबतीत चुकले. शंभर वर्षांनी कोणी केवळ ती नामावली हाताशी धरून लिहू लागला तर रेनरला आणखी वर्षभर बँडमध्ये बसवील.

रेनर गेला, नाव राहिले. इथून नावाचा प्रश्न वेगळ्या वळणाला लागतो. टॉमला जड, उदास संगीत करायचे होते, त्यासाठी त्याने बार्करला घेऊन ‘बॉक्स कार रेसर’ काढला. हे नाव नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘बॉक्सकार’ विमानावरून आले. इथे नावाला उगम आहे, तो भीषण आहे, आणि तो त्याने थट्टेवारी न नेता सांगितला. मार्कला त्यात घेतले नव्हते. ते त्याला लागले. नोव्हेंबर २००३मध्ये ब्लिंक-१८२चा जो आल्बम आला त्याला नावच नव्हते. कोट्या करणाऱ्यांना एकदम शब्द सुचेनासे झाले. फेब्रुवारी २००५मध्ये बँड बेमुदत थांबला. मार्क आणि बार्कर यांनी नवा बँड काढला त्याचे नाव ‘+४४’, हा ब्रिटनला फोन लावतानाचा क्रमांक. पुन्हा आकडाच, पण या वेळी अर्थ असलेला. तरीही लोक विचारीत ते ब्लिंकचे काय झाले, हेच.

ऑगस्ट २००८मध्ये त्यांच्या मोठ्या आल्बमांचा निर्माता जेरी फिन वारला. पुढच्याच महिन्यात, १९ सप्टेंबरला, साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया इथे बार्करचे विमान उड्डाणाच्या वेळी कोसळले. सहांपैकी चौघे मेले. बार्कर भयंकर भाजला, पण वाचला; त्याच्याबरोबर वाचलेला डीजे एएम पुढच्या वर्षी गेला. अपघातानंतर टॉम पुन्हा दोघांशी बोलू लागला आणि फेब्रुवारी २००९मध्ये तिघांनी ग्रॅमीच्या मंचावर उभे राहून बँड परतल्याचे सांगितले.

ते सहा वर्षे टिकले. जानेवारी २०१५मध्ये एका बाजूने जाहीर झाले की टॉमने बँड सोडला, आणि त्याच दिवशी टॉमने जाहीर केले की मी सोडलेला नाही. एकाच दिवसाच्या दोन विधानांत असा सरळ विरोध. ‘अल्कलाइन ट्रिओ’च्या मॅट स्किबाला त्याच्या जागी घेताना वकिलांच्या वाटाघाटी आल्याच, कारण ब्लिंक-१८२ हे नाव आता तिघांच्या सामाईक मिळकतीसारखे होते. वीस वर्षांपूर्वी मुदत संपत आली म्हणून फोनवर सांगून टाकलेला आकडा वाटणीच्या कागदावर आला होता.

जून २०२१मध्ये मार्कने रक्तवाहिनीत औषध चढवले जात असतानाचा स्वतःचा फोटो मित्रांना पाठवायचा तो चुकून जगापुढे टाकला. त्याला चौथ्या टप्प्याचा लिम्फोमा झाला होता. सप्टेंबरमध्ये त्याने कर्करोगातून बरा झाल्याचे कळवले. या आजारपणात टॉम त्याला भेटायला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२२मध्ये टॉम परतल्याची घोषणा झाली आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये ‘वन मोअर टाइम’ आला. त्याच्या शीर्षकगीताचा विषय हाच आहे की एकमेकांना जवळ करायला आपल्याला मरणाची गाठ पडावी का लागते. यात कुठेही कोटी नाही.

नावाचा उच्चार अजून ठरलेला नाही. अमेरिकेत ‘वन एटी-टू’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘वन एट टू’. आपल्याकडे ‘ब्लिंक एकशे ब्याऐंशी’ कोणी म्हणाल्याचे मी ऐकले नाही, एरवी दूधवाल्याच्या हिशेबात आपण तो आकडा बिनदिक्कत मराठीत म्हणतो.

मार्क हॉपसचे आत्मचरित्र एप्रिल २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातून ‘ब्लिंक’ हा शब्द गळाला आहे, आकडा तेवढा राहिला आहे. ‘फॅरनहाइट-१८२’. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीच्या नावावरची ही कोटी. ब्रॅडबरीच्या आकड्याला अर्थ होता. त्याने तो कागद पेट घेण्याचे तापमान म्हणून घेतला होता. १८२ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ८३ अंश सेल्सिअस. त्या तापमानाला कागद पेटत नाही, आणि समुद्रकाठच्या सॅन डिएगोत पाणीही उकळत नाही.